वीतभर पाठ

काल संध्याकाळी एका अनोळखी बाईंनी माझ्या स्वेटरची वीतभर पाठ उसवली. अंगातला स्वेटर नव्हे, सुईवरचा. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात ज्याला ज्याला हा किस्सा सांगायला घेतला, त्याने "पण तू शिंप्याकडे विणत कशाला बसली होतीस?" असं विचारून मला अर्ध्यातच गप्प केलं. कशाला म्हणजे? दुसरीकडे कुठे बसायला मिळतंय का मला सध्या?

मुलीचं लग्न माघात आहे, वसंतपंचमीच्या आगेमागे. आपल्याला पौष चालत नाही, इथल्या लोकांना खरमास चालत नाही. त्यामुळे महिनाभर तुंबलेलं सगळं ग्वाल्हेर संक्रांतीनंतर एकदम बोहल्यावर चढतं. त्यातून वसंतपंचमी म्हणजे इकडे अबूझ मुहूर्त. पंचांग उघडायचं नाही, थेट लग्नाचं गार्डन बुक करायचं. बँडवाला, घोडीवाला, हलवाई आणि शिंपी या चौघांचा या दिवसांतला रुबाब बघितला तर महादजी शिंदे बरे म्हणायची पाळी येते.

आणि मी नोकरी करते. दाल बाजारात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरण, १५ तारखेला ॲडव्हान्स टॅक्सचा तिसरा हप्ता, २० तारखेला ३बी म्हणजे कर भरायचं विवरण, आणि ३१ ला जीएसटीचं वार्षिक विवरण. ज्यांनी जुलैपासून आयकराचं विवरणपत्र भरलं नाही, त्यांनाही दंडासकट भरायला ३१ डिसेंबरच मिळतो. ते सगळे नेमके ३० तारखेला जागे होतात.

आता यात लोकर कुठून आली? ती आमच्या ह्यांच्या तोंडातून आली. पुण्याहून विहीणबाईंचा फोन होता. ग्वाल्हेरला थंडी फार असते का, आमच्याकडची म्हातारी माणसं येणार आहेत, असं काहीतरी त्या साधं विचारत होत्या. त्यावर "हो, असते जरा, शाली आणा" एवढं म्हणून माणूस थांबतो. हे म्हणाले, "थंडीची काळजीच करू नका. आमची ही तर जावयासाठी स्वतःच्या हाताने स्वेटर विणतेय!" मी समोर बसून लसूण सोलत होते. मी काहीच विणत नव्हते. लेकीचा शाळेचा स्वेटर झाल्यापासून मी सुईला हात लावलेला नव्हता. पण विहीणबाई इतक्या गहिवरल्या की दुसऱ्या दिवशी जावयाचं मापच आलं. माप काय, तर "मीडियम". आणि रंग "नेव्ही ब्लू, पण जरा हलका".

तर मग सुरू झालं. विणायचं कधी? ऑफिसात डब्याच्या सुट्टीत, पत्रिकेचं प्रूफ निघेपर्यंत छापखान्यात, लॉकरच्या किल्लीवाला बाबू येईपर्यंत बँकेत, आणि ब्लाउज "बस दो मिनिट" होईपर्यंत पाटणकर बाजारामागच्या मास्टरकडे. दहा नंबरच्या सुया, दोन सुलट दोन उलट अशी किनार, वर साधी पाठ, टाके ११६. काल मी बाहीसाठी मुंढे घटवून खांद्याकडे निघाले होते. थोडक्यात, पाठ संपत आली होती.

मास्टरच्या दुकानात एक बाक आहे. त्यावर त्या बसल्या होत्या. सत्तरीच्या. अंगठा वेगळा असलेले तपकिरी लोकरी मोजे, त्यावर चप्पल, मरून शाल, आणि मांडीवर मुरैन्याच्या गजकची, म्हणजे तिळाच्या वड्यांची, उघडी पुडी. मी बसले, पिशवीतून विणकाम काढलं, आणि पहिली ओळ पुरी व्हायच्या आत प्रश्न आला.

"कुठल्या गं तुम्ही?"

"माधवगंज."

"माधवगंजात कुणाकडच्या?"

मी आडनाव सांगितलं.

"त्यातले कोणते? ते पोष्टातले की एजी ऑफिसातले?"

"एजी ऑफिसातले होते ते माझे सासरे."

"आणि सासूचं माहेर?"

"चिटणीस की गोठ."

"अय्या, मग तू आमचीच की!"

सासूबाईंच्या मावशीच्या शेजारी यांची थोरली जाऊ राहत होती. एवढ्या पुराव्यावर मी "तुम्ही"ची "तू" झाले आणि त्या माझ्या काकू झाल्या. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे तळ ठोकला, त्यातून शहराचा लश्कर हा भाग वसला, आणि तेव्हापासून इथली मराठी माणसं एकमेकांना "कुणाकडच्या?" हेच विचारत बसलेली आहेत. शहर एवढं पसरलं, गार्डनं झाली, मॉल झाले, पण फाळके बाजार ते कंपू एवढ्या टापूत अजूनही तुम्हाला अनोळखी राहता येत नाही. एरवी मला याचं कौतुक वाटतं. काल वाटलं नाही.

काकूंनी गजकचा तुकडा पुढे केला, मी तो घेतला. त्यांनी पाठीचं टोक धरून ओढून बघितलं, मी बघू दिलं. "बॉर्डर ढीली आहे," म्हणाल्या. मी हसले. तेवढ्यात फोन वाजला. आमचे एक सेठजी, डाळीचे व्यापारी. दुकानात शिलाई मशिनींचा आवाज, म्हणून मी विणकाम बाकावर ठेवून बाहेर पायरीवर गेले.

"मॅडम, वो वाला कागज आपके पास है ना?"

"कौन सा, सेठजी?"

"वही जो पिछली बार दिया था."

"पिछली बार आपने कुछ नहीं दिया था."

"तो फिर वही होगा."

तूर आणि मसूर, खरेदी आणि परतावा, पोर्टलवर दिसणारा आकडा आणि वहीतला आकडा, असं करत करत दहा-पंधरा मिनिटं गेली. शेवटी ते म्हणाले, "आप तो समझदार हैं, मिला लीजिए." म्हणजे आकडे जुळवायचे मी.

आत आले तर काकूंच्या मांडीवर शेवयांसारखा निळा ढीग. एक सुई त्यांच्या हातात, दुसरी त्यांच्या अंबाड्यात.

"आलीस? बरं झालं. मुंढा चुकला होता."

"काकू, हे काय केलंत?"

"उसवलं. फार खाली घटवायला घेतला होतास. जावयाचा हात वर गेला नसता. लग्नात हात वर करायला लागतो, हार घालायला."

"लग्नात तो स्वेटर घालून नाही उभा राहणार, काकू."

"का नाही? माघात? पहाटेचा मुहूर्त असला तर?"

"मुहूर्त दुपारचा आहे. आणि मी मापाने केलं होतं."

"कुणाच्या मापाने?"

"जावयाच्या. पुण्याहून आलंय."

"काय आलंय?"

मी जरा हळूच म्हणाले, "मीडियम."

"मीडियम!" काकू सगळ्या दुकानाकडे वळल्या. "मास्टर, सुना? मीडियम!" मास्टरने गळ्यातली टेप हलवत मान डोलावली, काज-बटण करणारा पोरगा फिदीफिदी हसला. "अगं, मीडियम हे काय माप झालं? छाती किती? बाही किती? उंच आहे का?"

"पाच फूट नऊ."

"बघ! मग तर मी बरोबरच केलं."

यात काय बरोबर होतं ते मला अजून कळलेलं नाही. पाच फूट नऊ इंच माणसाचा मुंढा कुठे येतो हे मी ह्यांचा जुना स्वेटर अंथरून, त्यावर पट्टी ठेवून काढलं होतं. तो हिशेब माझ्या वहीत आहे, आणि हिशेब करण्याचेच मला पैसे मिळतात. मी हे बोलायला तोंड उघडलं तर काकू म्हणाल्या, "तू बस. मीच टाके उचलून देते. तुम्हा नोकरीवाल्यांना कुठे फुरसत असते."

आणि त्या उचलायला लागल्या. गजकच्या हातांनी. प्रत्येक टाक्यावर एकेक तीळ चढवत. "एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस... पत्रिका छापल्या का?"

"छापल्या."

"पहिली अर्जीवाल्या गणपतीला ठेव हं. कितीवर होते मी?"

"त्रेचाळीस."

"चव्वेचाळीस, पंचेचाळीस... केळवणं किती झाली? आमच्या पुतणीला एवढी झाली की तिचे ब्लाउज उसवून परत शिवायला लागले. कितीवर?"

"पंचेचाळीस."

"नाही गं, पन्नास तरी झाले असतील. पुन्हा मोजते."

हे असं तीनदा झालं. मी समोर उभी. हातातून काढून घेणार कसं? वयाने मोठ्या, नात्याने काकू, त्यात मुलीचं लग्न तोंडावर. अशा वेळी मुलीच्या आईने कुणाशी वाकड्यात शिरू नये हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि त्या बाकावरच्या काकूंना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्या एकसष्टाव्या टाक्यावर असताना मास्टरने हाक मारली, "आंटीजी, आपका हो गया."

काकूंनी सुई तशीच माझ्या हातात दिली. अर्धे टाके सुईवर, अर्धे हवेत. "उरलेले तू उचल, सोपं आहे." अंबाड्यातली सुई मला मागून घ्यावी लागली. मग त्यांनी फॉल-पिकोचे वीस रुपये कमी करवून घेतले, ब्लाउज उलटासुलटा करून बघितला आणि निघाल्या.

"मास्टरजी, मेरा?"

"आपका कल पक्का." आणि वर म्हणतो कसा, "आंटीजी ने आपके भले के लिए ही किया."

त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ बसले होते. बायकोचं काम होईपर्यंत मोबाइलवर क्रिकेट बघत होते, आवाज पूर्ण मोठा करून. त्यांच्या हातातला मोबाइल कुणी काढून घेतला का? "बॅटिंग चुकतेय" म्हणून कुणी मॅच मागे नेली का? मी तिथे लॅपटॉप उघडून बसले असते, तर काकूंनी माझ्या एक्सेलचा एक तरी कॉलम पुसला असता का? पण बाईच्या हातात लोकर दिसली की ती रिकामी आहे असं धरलं जातं, आणि रिकाम्या बाईचं काम कुणीही हातात घेऊन बघावं. ऑफिसात सर परवा म्हणाले, "तुमचं बरं आहे मॅडम, विणायला वेळ मिळतो." वेळ मिळत नाही, सर. डबा पाच मिनिटांत गिळते, मग मिळतो. त्याच वेळात शेजारचे दोघे जण पान खायला जातात, त्यांना कुणी "तुमचं बरं आहे" म्हणत नाही.

जीएसटीत प्रत्येक मालाला एचएसएन नावाचा कोड असतो. विणलेल्या स्वेटरला ६११०, किरकोळ विक्रीच्या लोकरीच्या धाग्याला ५१०९. मधे जी विणणारी असते, तिला कोड नाही. भेट म्हणून दिलं की विषयच संपला.

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "काकूंचं बरोबरच असेल गं, अनुभवी बाई आहेत." ह्यांच्याकडे लग्नाचं एकच खातं आहे, गाडीचं. इथल्या व्यापार मेळ्यात गाडी घेतली की रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते. म्हणजे सरकारने जाहीर केली तर. ती जाहीर होते की नाही, याकडे हे महिनाभर रोज पेपर उघडून डोळे लावून बसतात, आणि याला हे "धावपळ" म्हणतात. माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ साली हा मेळा सुरू केला तो बहुधा आमच्या ह्यांना डिसेंबरात घरातली कामं पडू नयेत म्हणून. लेक म्हणाली, "आई, ते स्वेटर विकणारे तिबेटी लोक असतात ना, त्यांच्याकडून एक घेऊन टाक, कुणाला कळतंय?" ज्याच्यासाठी विणतेय त्याच्या होणाऱ्या बायकोचं हे मत.

शिवाय उसवलेली लोकर सरळ राहत नाही. तिची लडी करायची, कोमट पाण्यातून काढायची, वजन लावून वाळवायची, तरच ती पुन्हा विणण्याजोगी होते. वाळवायची कुठे? इथे धुकं दुपारी बारापर्यंत हलत नाही. सध्या ती न्हाणीघरात गीझरखाली टांगलेली आहे आणि येणारा-जाणारा तिच्यात डोकं अडकवून घेतोय. नवी आणावी, तर दुकानदार म्हणतो त्या लॉटचे गुंडे संपले. दुसऱ्या लॉटचा निळा निराळाच निघतो. म्हणजे जावयाचा अर्धा हात एका निळ्यात, अर्धा दुसऱ्या.

आणि हे एवढ्यावर संपलेलं नाही. निघताना काकूंनी माझा नंबर घेतला होता, "गळ्याला आलीस की विचार" म्हणून. आज सकाळी त्यांनी व्ही गळ्याचे तीन फोटो पाठवले. जावयाला गोल गळा हवाय. मी उत्तर दिलं नाही. तासाभराने त्यांचा फोन आला, तेव्हा मी डोक्याला तेल लावत होते, म्हणून ह्यांनी उचलला. दहा मिनिटं बोलले. नातं लागलं. सासूबाईंच्या मावशीची गल्ली निघाली. मग ह्यांनी फोनवर हात ठेवून मला हाक मारून विचारलं,

"अगं, काकूंच्या पत्रिकेवर नुसतं त्यांचंच नाव घालू, की सहकुटुंब? घरात अकरा जण आहेत म्हणतात."