सीएसव्हीवर डबल-क्लिक करू नका हो!

किती वेळा घसा कोरडा करायचा? सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) थेट एक्सेलमध्ये उघडली की 16 आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल 15 आकडेच धरून ठेवतं. सुरुवातीची शून्यंही गळतात. वर सेव्ह केलं की संपलंच! मग कॉलम ‘टेक्स्ट’ करून काय उपयोग? गेलेला आकडा परत येत नाही. आणि यूटीएफ-8 (मराठीसकट सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) फाइलला बीओएम, म्हणजे ती पद्धत सांगणारी सुरुवातीची खूण, नसेल, तर ‘सविता’चे 15 बाइट सुटे होऊन मात्रावाल्या रोमन ‘ए’ची रांग दिसते. लगेच ओरड, ‘डेटा खराब पाठवला!’ अहो, डेटा टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, फाइल ओरिजिन 65001 (म्हणजेच यूटीएफ-8) ठेवा, डेटा टाइप ओळखणं बंद करा आणि मगच लोड करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.