विंडोज न सोडणाऱ्यांना आळशी म्हणण्याआधी

कराडला माझ्या मामांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकाची अक्षरजुळणी अशी कामं. परवा त्यांनी व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, 'रात्री करून टाकू का?' मेसेज असा: विंडोजला चिकटून बसणारे आळशी आणि गुलाम आहेत. आज रात्री हार्ड डिस्क फॉरमॅट करा, लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाका, सकाळी सगळ्या फाइली पूर्वीसारख्या उघडतील. व्हायरस येतच नाही. जर्मनीतल्या म्युनिकने केलं, तुम्हाला का जमू नये?

मामांना मी लगेच फोन करून थांबवलं. उत्तर मात्र सगळ्यांसाठी लिहितो, कारण यातलं 'सकाळी सगळ्या फाइली उघडतील' हे वाक्य एखाद्याचा धंदा बसवू शकतं.

मामांच्या डिस्कवरचं बहुतेक काम पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टात आहे. हे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या पद्धतीचे. काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं असे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले. श्री-देव-०७१४ हा त्यातला फॉन्ट नसलेल्या मशीनवर तो मजकूर उघडला की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, म्हणजे ओळन् ओळ पुन्हा तपासायची. आणि पेजमेकर? त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, लिनक्ससाठी ते कधी निघालंच नाही. फॉरमॅट केल्यावर बॅकअप नसेल तर तपासायलाही काही उरत नाही. 'फॉरमॅट करा' लिहिणाऱ्याने 'आधी बॅकअप घ्या' एवढेही शब्द लिहू नयेत, याचा मला खरोखर राग आला.

आता आळशीपणा. मामांचा हात रेमिंग्टन या टाइपरायटरच्या कीबोर्ड-मांडणीवर बसलेला आहे. लिनक्सवर मराठीसाठी सहज मिळतो तो इनस्क्रिप्ट कीबोर्ड, त्यात अक्षरांच्या जागा वेगळ्या. लग्नसराईत गिऱ्हाईक समोर उभं असताना बोटं नव्याने कशी वळवायची? शिवाय मशीन अडलं तर धावून येणारा शेजारचा पोरगा विंडोजच जाणतो, आणि छापखान्याला फाइल हवी असते ती कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅमची. माणूस एका प्रणालीला धरून राहतो तो अशा दहा धाग्यांनी. त्याला गुलामी म्हणणाऱ्याने त्या खुर्चीत बसून एक अहवाल जुळवून दाखवावा.

म्युनिकचा दाखला तर अर्धाच दिलाय. तिथल्या महापालिकेने २००३ मध्ये निर्णय घेतला आणि सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आणायला २०१३ उजाडलं. एका रात्रीत नव्हे, दहा वर्षांत. स्वतःचं लिनक्स, पत्रांच्या नमुन्यांसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर, पगारी तंत्रज्ञ, प्रशिक्षण, एवढं सगळं हाताशी असून. काही खास कामांसाठी विंडोज ठेवावंच लागलं. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच महापालिकेने विंडोजकडे परतायचा ठराव केला. त्यात राजकारण होतं हे मान्य, पण बाहेरच्यांशी कागदपत्रांची देवाणघेवाण आणि खास प्रोग्रॅम यांच्या तक्रारीही होत्या. मामांच्या अडचणीही याच.

व्हायरसचं थोडक्यात. धोका कमी असतो, 'येतच नाही' हे खोटं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवर सर्रास असणाऱ्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात बाहेरच्याला मशीनमध्ये शिरू देणारा चोरदरवाजा घुसवलेला सापडला.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि अशा मशीनवर लिनक्स खरंच चांगलं चालतं. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं त्यावर शिकवताहेत.

म्हणून मामांना सांगितलं: डीटीपीचं मशीन आहे तसं ठेवा, त्याचं इंटरनेट काढा, सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. मेल आणि बिलांसाठी मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकू, पुढच्या रविवारी मी येतो. आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनो, गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकाची एक फाइल लिनक्सवर उघडून, तिची प्रिंट काढून दाखवा. मग फॉरमॅटचं बोलू.