‘वळ दिसले तरच छळ’? हा मेसेज पुढे पाठवू नका

कौटुंबिक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: कायद्यात क्रूरता म्हणजे मारहाण. अंगावर वळ नसतील, हुंडा मागितला नसेल तर केस उभी राहत नाही. विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाविरुद्धचं कलम 498अ तर आता रद्दच झालंय. नवऱ्याचा छळ झाला तर त्याला दारच नाही. तेव्हा घरातलं घरात मिटवा.

हा मेसेज नेमका तिच्याच हातात पडतो, जी आधीच कुणाला सांगावं की नाही या घालमेलीत असते. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी वळांचं. भारतीय दंड संहितेत 1983 साली 498अ आलं, तेव्हापासून त्याच्या स्पष्टीकरणात बाईच्या ‘मानसिक किंवा शारीरिक’ आरोग्याला गंभीर धोका पोचेल अशी हेतुपुरस्सर वागणूक धरलेली आहे. तिला आत्महत्येकडे लोटेल अशी वागणूकही त्यातच येते. आता हे डोळ्यांसमोर आणा: बाहेरून कुलूप, फोन काढून घेतलेला, माहेरी बोलायची बंदी, जेवायला बसली की ‘कुणाच्या जिवावर खातेस’. असं महिनोन्‌महिने चाललं तर अंगावर एकही वळ उठणार नाही. पण ती खचत जाईल, आणि कायदा तेही बघतो. डॉक्टरांचे कागद, बहिणीला पाठवलेले मेसेज, शेजारणीची साक्ष यांना इथे मोल असतं. जपून ठेवा.

हुंड्याचं म्हणाल तर क्रूरतेच्या व्याख्येचे दोन भाग आहेत: एक वर सांगितलेला, दुसरा पैसा किंवा मालमत्ता उकळण्यासाठी केलेल्या जाचाचा. दोन्हींपैकी एक पुरतो. हुंड्याची मागणी नव्हती एवढ्यावरून गुन्हा पुसला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर 2024 मध्ये सांगितलं.

‘रद्द झालं’ ही तर निव्वळ अफवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि 498अ चा मजकूर तिच्या कलम 85 आणि 86 मध्ये गेला. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

नवऱ्याला दार नाही, हेही खोटं. 498अ बाईसाठी आहे हे खरं, पण हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट दोघांपैकी कुणालाही मागता येतो. या विषयावरचा सर्वांत गाजलेला निकाल तर आपल्याकडचाच, पुण्याच्या कोर्टात नवऱ्याने सुरू केलेला दास्ताने खटला. 1975 साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी निकाल दिला. जीव देईन, घर पेटवीन, नोकरी घालवीन, वर्तमानपत्रात छापून आणीन अशा पत्नीच्या धमक्या आणि सतत केलेला पाणउतारा न्यायालयाने क्रूरता मानला. दाद मात्र नवऱ्याला मिळाली नाही, कारण नंतर एकत्र राहून त्याने ते माफ केलं असं न्यायालयाला दिसलं. ‘सगळं चालवून घेतलं, मग बघू’ म्हणणाऱ्या स्त्री-पुरुषांनी हा भाग नीट वाचावा.

मेसेजमध्ये तथ्याचा एक कण आहे, तो नाकारत नाही. प्रत्येक भांडण म्हणजे क्रूरता नव्हे. संसारातली रोजची कुरबुर न्यायालयं त्यात धरत नाहीत, आणि सगळ्या सासरवर सरसकट घातलेले मोघम आरोप टिकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालानंतर पोलिसांना अटकेची गरज कागदावर दाखवावी लागते. पण यातून ‘तक्रारच करू नका’ असा अर्थ काढणं हा अन्याय आहे.

‘घरात मिटवा’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: मिटवायला दोन बाजू लागतात, आणि कुलूप एकीच्याच हातात असेल तर मिटवणार कोण? फौजदारी नको असेल तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात टोमणे, शिवीगाळ, पैशांची कोंडी सगळं येतं आणि राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेशही मागता येतो. त्यासाठी या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. आधी पोलीस ठाण्याची पायरी चढलीच पाहिजे अशी अट नाही.