व्हा स्वतःचे साहेब!

परवा महिनाअखेरीचा हिशेब मोबाइलवर आला. पेआउटच्या, म्हणजे हातात पडणाऱ्या कमिशनच्या, रकान्यात आकडा होता आणि आकड्याच्या डावीकडे एक बारीकशी आडवी रेघ. आधी वाटलं, स्क्रीनवर चरा पडलाय. बोटानं पुसून पाहिला. चरा नव्हता, उणे होतं. महिनाभर जिने चढून-उतरून मीच कंपनीचं देणं लागत होतो.

एवढी प्रगती सगळ्यांच्या नशिबी येत नाही. तेव्हा माझ्या अनुभवाचा तुम्हालाही लाभ व्हावा म्हणून, व्हॅक्युम क्लीनर खांद्याला मारून ते दारोदार विकताना पावणेदोन वर्षं जे शिकलो ते इथे मोफत देतोय. (आमच्या धंद्यात ‘मोफत’ म्हटलं की खाली बारीक अक्षरं असतात. इथे नाहीत.)

पहिली गोष्ट, पगाराचं नाव काढायचं नाही. मुलाखतीत ‘फिक्स किती मिळेल?’ असं विचारणारा माणूस कोत्या मनाचा समजला जातो. पगार नोकरांना असतो आणि तुम्ही तर उद्योजक. उद्योजकाला आजारपणाची रजा नसते, प्रवासखर्च नसतो, बूट झिजले तर ते त्याचे स्वतःचे झिजतात. साहेब मात्र असतो. उद्योजकाला साहेब कसा, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात पडतो. दुसऱ्या आठवड्यात पडत नाही, कारण तोवर साहेबाचे दिवसाला अकरा फोन सुरू झालेले असतात.

डेमोचं मशीन स्वतःच्या पैशानं घ्या. कंपनीचा तुमच्यावर विश्वास आहे, म्हणून तर ती ते तुम्हाला विकते.

सकाळच्या मीटिंगला टाळ्या जोरात वाजवा. तिथे तुम्हाला डेव्हिड मॅकॉनेलची गोष्ट ऐकायला मिळेल. हा न्यूयॉर्कचा माणूस दारोदार पुस्तकं विकायचा, सोबत अत्तराचे नमुने भेट द्यायचा. लोकांना पुस्तकांपेक्षा अत्तरच आवडतं हे त्यानं हेरलं आणि १८८६ साली अत्तराचा धंदा काढला. त्याचीच पुढे एव्हॉन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी झाली. गोष्ट खरी आहे, चांगलीही आहे. मी ती सत्तावीस वेळा ऐकली. पण आमच्या मीटिंगमधला एकही जण मॅकॉनेल होणार नव्हता, कारण कंपनी आधीच निघालेली होती आणि ती आमची नव्हती. आम्ही सगळे त्या न खपलेल्या पुस्तकांच्या बाजूचे.

दार उघडलं की हसा. नाही उघडलं तरी हसा, पीपहोलमधून दिसतं.

आणि मागणी नेहमी छोटी करा. १९६६ साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी याचा प्रयोग प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या काही घरांत आधी ‘गाडी जपून चालवा’ अशी इवलीशी पाटी लावाल का, असं विचारलं. मग दोनेक आठवड्यांनी त्यांच्याच अंगणात त्याच विषयाचा भलामोठा, बेढब फलक उभारायची परवानगी मागितली, तर ७६ टक्के लोक हो म्हणाले. एकदम फलकच मागितला तिथे १७ टक्केसुद्धा तयार झाले नाहीत. दारात एकदा पाय अडकवला की झालं. ट्रेनिंगमध्ये हे शिकवतात ते गिऱ्हाइकाबद्दल. माझ्या फार उशिरा लक्षात आलं की पाय कंपनीचा होता आणि दार माझं. आधी नुसता फॉर्म भरा. मग नुसतं डिपॉझिट. मग मशीन घ्या, तुमचंच आहे. मग महिनाअखेर आहे, टार्गेटला एकच पीस कमी पडतोय, स्वतःच्याच नावावर घेऊन टाका ना, इन्सेंटिव्ह तर मिळेल! माझ्या कॉटखाली अशी दोन मशीनं आहेत. दोन्हींवर धूळ बसलीय.

डेमो जीव ओतून द्या. एका काकूंकडे मी सोफा, दोन गाद्या, पडदे आणि कारच्या सीटा असा सव्वादोन तास डेमो दिला. काळ्या फडक्यावर निघालेली धूळ त्यांना दाखवली, त्यांनी गालाला हात लावून ‘अगं बाई!’ म्हटलं, शेजारच्या बाईंनाही बोलावून दाखवली. मग म्हणाल्या, ‘ह्यांना विचारून सांगते.’ बरोबर तीन महिन्यांनी त्यांचाच फोन आला, ‘पुन्हा एकदा डेमो दाखवता का? पाहुणे यायचेत.’ मी गेलो. काय करणार, लीड होती, म्हणजे घेईल अशी आशा असलेलं गिऱ्हाईक.

नियम पाठ करा, म्हणजे मोडताना गोंधळ होत नाही. भारतात २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांप्रमाणे विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. आमच्या रोजच्या तक्त्यात ‘किती बेल वाजवल्या’ असा रकाना होता. ‘किती जणांची संमती घेतली’ असा नव्हता.

आता कमिशन. ते ‘मिळालं’ असं चुकूनही म्हणू नका, व्यवहार मोडला की कंपनी ते परत घेते. अमेरिकेत घरी येऊन गळ्यात मारलेला व्यवहार तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येतो, हा नियम १९७४ पासून लागू आहे. युरोपीय संघात ही मुदत १४ दिवसांची. योग्यच आहे, माझ्यासारखा माणूस दारातून हलल्यावर शुद्धीवर यायला तेवढा वेळ लागतोच. पण गिऱ्हाइकाला शुद्धीवर यायला तीन दिवस, चौदा दिवस, आणि आमच्या कंपनीला माझ्या खिशात हात घालायला सहा महिने! एका गृहस्थांनी मशीन हप्त्यांवर घेतलं. तीन हप्ते भरले, चौथा चुकला, पाचवाही. कंपनीनं मशीन उचलून नेलं. तीन हप्ते ठेवून घेतले. आणि माझं कमिशन सगळंच्या सगळं कापलं, तीन हप्त्यांपुरतंही सोडलं नाही. त्यांचे उत्पन्नाचे कागद कुणी तपासले? कंपनीच्या फायनान्सवाल्यानं. हप्ते मंजूर कुणी केले? त्यानंच. मी फक्त मशीन तीन मजले चढवून दिलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशाकडून दोराचेही पैसे घेतात. टीम लीडरला विचारलं, त्याच विक्रीवर तुमचाही टक्का होता, तो कापला का? म्हणाला, ‘तू फार निगेटिव्ह विचार करतोस.’ अरे, मी कुठे निगेटिव्ह? तू पाठवलेला कागद निगेटिव्ह आहे! मी पावणेदोन वर्षं दात काढून उभा होतो लोकांच्या दारात!

असो. शांतपणे पुढचं सांगतो. विक्री जमत नसेल तर माणसं जोडा, म्हणजे आपल्या हाताखाली नवे विक्रेते आणा. प्रत्येकानं फक्त सहा जण आणायचे. सहाचे छत्तीस, छत्तीसाचे दोनशे सोळा. फळ्यावर हे फार देखणं दिसतं, फक्त खडू चौथ्या-पाचव्या ओळीला थांबतो. मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर पुढे नेलं, तर तेराव्या पायरीला तेराशे कोटींच्या वर माणसं लागतात. पृथ्वीवर आठशे कोटींच्या आसपास आहेत. तेराव्याचाच आकडा यावा, हेही बरंच.

मी मात्र सहा नाही आणले, एकच आणला. मावसभाऊ. त्याची हातची नोकरी होती, बरी होती. त्याचाही कागद परवाच आला, त्यावरही तीच रेघ. मावशी माझ्याशी बोलत नाही.

आणि एवढं होऊन काल एकानं मला मेसेज केला, ‘दादा, तुमच्या लाइनमध्ये जॉइन होऊ का? माझं बोलणं चांगलं आहे.’ अरे, बोलणं चांगलं आहे म्हणजे काय? वाचता येतं का तुला? करार वाचलास? कमिशन परत घ्यायचं कलम कुठल्या पानावर आहे? किती महिने ते परत घेऊ शकतात? गिऱ्हाइकानं हप्ता चुकवला तर तुझा काय संबंध, हे विचारलंस कुणाला? पहिले दोन महिने ‘पगार’ म्हणून जे हातात ठेवतात ती उचल असते, पुढच्या कमिशनमधून कापून घेतात, हे माहितीये? नाही ना! मीटिंगमध्ये पडद्यावर कुणाची तरी गाडी दाखवली आणि तू पाघळलास. मीही पाघळलो होतो, म्हणून तर चिडतोय. गाडी कुणाची होती हे मी कधी विचारलं नाही.

आणि लीडर मंडळी, आमच्या चपला झिजवून मिळालेल्या टक्क्यावर घर चालवता, आणि आमचा तोटा झाला की तो आमच्या ‘अ‍ॅटिट्यूड’चा? जरा तरी लाज बाळगा. स्वतः शेवटची बेल कधी वाजवली होती?

आज सकाळी त्याच लीडरचा फोन आला. उण्याबद्दल एक शब्द नाही. ‘दोन नावं दे, या महिन्यात तुझं क्लिअर करून टाकू.’

मी कुणाचंही नाव दिलेलं नाही. कॉटखालची दोन मशीनं तेवढी आहेत. कुणाला हवी असतील तर सांगा. डेमो देणार नाही.