मागं वजन पाहिजे

गेल्या मंगळवारी एका कुत्र्यानं मला ओव्हरटेक केलं. मी पिकअपमध्ये होतो, कुत्रा पायी.

मिनेसोटातलं आमचं डलूथ सुपीरिअर सरोवराच्या काठी उतारावर वसलंय. कुणीतरी हातातून डबा सांडावा आणि घरं घरंगळत पाण्यापर्यंत जावीत, तसं. इथले अॅव्हेन्यू सरोवराकडून सरळ वर चढतात आणि वर्षाला सरासरी ९० इंच बर्फ पडतो. मंगळवारी पडला होता जेमतेम तीन इंच. तेवढ्यात माझ्या पिकअपची मागची चाकं चढावर जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडीचा पार्श्वभाग नाराज व्याह्यासारखा हळूच एका बाजूला वळला. तेवढ्यात तो कुत्रा आला. त्याच्या मागं दोरी, आणि दोरीच्या मागं आमच्या गल्लीतले, तीन घरं सोडून राहणारे, निवृत्त आजोबा. ते थांबले, वाकले, काचेवर टकटक केली. मी काच खाली घेतली.

"टू-व्हील ड्राइव्ह?" त्यांनी विचारलं. आपल्याकडं 'शुगर आहे का?' विचारतात, त्या आवाजात.

हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि कुत्र्याबरोबर चढ चढून गेले. मी उलटा उतरून घरी आलो आणि ऑफिसला फोन केला.

हा पिकअप मी उन्हाळ्यात एका सहकाऱ्याकडून घेतला. स्वस्तात मिळाला. तो ॲरिझोनाला कायमचा राहायला निघाला होता. ज्या माणसानं बर्फ सोडून वाळवंटात जायचं ठरवलंय, तो गाडी स्वस्तात का देतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण आपल्याला हौद्याची हौस. मामाचा टेम्पो होता कराडला, तेव्हापासूनची. आईला फोनवर सांगितलं, "गाडी चांगली आहे, फक्त टू-व्हील ड्राइव्ह आहे." ती म्हणाली, "अरे, बर्फात टू-व्हीलर? हेल्मेट तरी घालतोस ना?" बायकोनं गाडीचं नाव रेडा ठेवलंय. या राज्यात बर्फ ढकलणाऱ्या सरकारी ट्रकांची नावं लोक मतदानानं ठरवतात. २०२१ मध्ये 'प्लोवी मॅकप्लोफेस' हे नाव निवडून आलं. आमच्या घरी मतदान झालं नाही.

दुखणं सोपं आहे. इंजिन पुढं, त्याचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना, म्हणून टू-व्हील ड्राइव्ह, आणि मागं रिकामा हौदा. ज्या चाकांनी ढकलायचं, त्यांच्यावर वजनच नाही. त्यातून दोन चाकांत जोर वाटणारी गिअरांची पेटी, म्हणजे डिफरन्शियल, साधा असला, की दोन चाकांपैकी ज्याला पकड कमी, तेच गरगर फिरतं आणि दुसरं बघत बसतं. म्हणजे टू-व्हील हे नावही फुगवूनच सांगितलेलं.

उपाय म्हणून वाळू आणली. इथं ती हार्डवेअरच्या दुकानात ६० पौंडांच्या लांब नळकांड्या पोत्यांत मिळते, हुबेहूब लग्नातल्या बैठकीचे लोड. पाच घेतली, एकेक सहा डॉलरला. पैसे देताना हात थरथरला. मी कृष्णाकाठचा माणूस. आमच्याकडं वाळूपायी लोक रात्री ट्रक घेऊन नदीत उतरतात, तहसीलदार मागं लागतो, पेपरात बातमी येते. लहानपणी बांधकामाशेजारच्या फुकटच्या ढिगावर आम्ही किल्ले केले. आणि इथं मी रांगेत उभा राहून वाळूचं बिल फाडतोय, पावतीसकट.

शनिवारी सकाळी पोती हौद्यात टाकायला घेतली. पहिलं पोतं फाळक्याजवळ टेकवलं आणि कमरेवर हात ठेवून श्वास घेतोय, तोच मागून आवाज आला, "हं. वेगळंच आहे हे."

मिनेसोटातली माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत. 'वेगळंच आहे' हा इथला सर्वांत जहाल शब्द. त्याचा अर्थ, असा गाढवपणा मी जन्मात पाहिला नाही. वळून बघतो तर आजोबा, कुत्रा, आणि हातात झाकणाचा कॉफीचा कप. म्हणजे मुक्काम.

"मागं ठेवलंस तर पुढची बाजू उचलते, डॅन," ते म्हणाले. माझं नाव ज्ञानेश्वर. "स्टिअरिंग हलकं होतं. एक्सेलवर घे. चाकांच्या मधे."

बरोबर होतं त्यांचं. मला राग आला तो ते बरोबर असल्याचाच. मी तिथंच नेणार होतो हो. आधी फाळक्यावर ठेवायचं, मग वर चढून आत ओढायचं, एवढं साधं. साठ पौंड म्हणजे सत्तावीस किलो, ते हवेतून थेट एक्सेलवर कोण फेकणार? पण हे मान खाली घालून सांगावं लागतं आणि सांगितलं, की सबब वाटतं.

मी चढलो, ओढलं. ते कपानं दिशा दाखवत होते. "पुढं. अजून. नाही, जास्त झालं." कॉफी मात्र सांडू दिली नाही. दुसऱ्या पोत्याला त्यांनी १९९१ काढलं. हॅलोविनचं वादळ. ३१ ऑक्टोबरला सुरू झालं ते ३ नोव्हेंबरपर्यंत. "३७ इंच, ना?" मी म्हणालो, कारण हे वादळ मी त्यांच्याकडून चौथ्यांदा ऐकत होतो. त्यांनी कप खाली केला. "३६.९." आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू तो वरचा दशांश इंच मी पदरचा घातला होता.

"तुमच्याकडं बर्फ नसतो ना," तिसऱ्या पोत्याला ते म्हणाले.

मी इथं अकरा हिवाळे काढलेत. अकरा! आधीची गाडी पुढच्या चाकांवर चालायची, इंजिनाचं ओझं त्याच चाकांवर, म्हणून कधी असं अडलो नाही. फावडं मारून माझी कंबर गेलीय, नाकातले केस गोठल्याचा चुरचुरीत अनुभव मी गावाकडं लोकांना रंगवून सांगतो. पण मी काहीही केलं तरी या माणसाच्या लेखी काल विमानातून उतरलेला. आणि वजनाचं शास्त्र तर मला त्यांच्याआधी कळलेलं. पावसाळ्यात मळ्याच्या वाटेवर मामाचा रिकामा टेम्पो चिखलात रुतला, की मामा ओरडायचा, "पोरांनो, मागं हुबं ऱ्हावा रं! वजन पायजे!" आम्ही सात-आठ मावस-मामे भावंडं हौद्यात उड्या मारायचो आणि टेम्पो निघायचा. आमची पोती आम्हीच होतो, आणि सहा डॉलरसुद्धा लागत नव्हते. हे सगळं आजोबांना सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "बरं तर..."

'बरं तर' म्हणजे निघालो, असं इथल्या रीतीप्रमाणे धरतात. पण आपल्याकडं पाहुणे चपला घालून दारात पाऊण तास बोलतात ना, तेच इथंही. पाचव्या पोत्यापर्यंत पाच 'बरं तर' झाले. त्यात मला कळलं, की पोती बांधली नाहीत तर जोराचा ब्रेक लावल्यावर तीनशे पौंड वाळू केबिनच्या पाठीत येऊन बसेल, टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये, आणि सुटायचं तर दुसऱ्या गिअरवर, अॅक्सिलरेटरखाली अंडं ठेवल्यासारखं. मी दोन-बाय-चारच्या फळ्या कापून पोत्यांभोवती चौकट ठोकली. "वेगळंच आहे," ते म्हणाले.

टायरचा वेगळाच ताप. गाडीला होते ते ऑल-सीझन. या नावाएवढी फसवी गोष्ट बाजारात दुसरी नसेल. ७ अंशांच्या खाली पारा गेला, की त्यांचं रबर कडक होतं, आणि इथं तसे महिने निम्म्याहून जास्त. बर्फाचे टायर वेगळे, मऊ रबराचे. त्यांच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाचं फूल असा शिक्का. मला मागं दोनच घालायचे होते. जोर मागच्यांनाच आहे ना? टायरवाल्यानं शांतपणे विचारलं, "वळायचं आणि थांबायचं कशानं?" चार घेतले. सातशे डॉलर. खिळ्यांचे टायर इथल्या रहिवाशांना कायद्यानं चालत नाहीत, नाहीतर तेही गळ्यात पडले असते. शिवाय काचेचं उणे तापमानात न गोठणारं निळं पाणी, रात्री इंजिन ऊबदार ठेवायला हीटर. त्याची वायर जाळीतून बाहेर लोंबते आणि गाडी मोबाइलसारखी प्लगला लावून झोपवायची. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

नवे टायर बसवून आणले, फळीवरची वाळू झटकत होतो, तर कुत्रा आला. मागच्या डाव्या टायरचा वास घेतला आणि पाय वर केला. नारळ फोडायचा राहिला होता म्हणा. "तो फक्त चांगल्या टायरवर करतो," आजोबा म्हणाले. त्यांच्या तोंडून मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

काल संध्याकाळी बेल वाजली. आजोबा. कुत्रा. कप नव्हता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्यांच्या स्नो-ब्लोअरचा, म्हणजे दारातला बर्फ उडवून बाजूला टाकणाऱ्या यंत्राचा, पट्टा तुटलाय, वर्कशॉपमध्ये न्यायचाय आणि त्यांच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या डिकीत तो मावत नाही.

"तुझ्याकडं पिकअप आहेच," ते म्हणाले. "पोती तेवढी काढावी लागतील."

आधी चौकटीचे स्क्रू. मग पोती. दुकानातच ओलसर असलेली वाळू आता गोठून दगड झाली होती आणि खालची दोन हौद्याच्या पत्र्याला चिकटली होती. फावड्याच्या टोकानं ती सोडवताना एक फाटलं. आजोबा शेजारी उभं राहून बघत होते. एकदा त्यांनी "जपून" म्हटलं, मला नाही, पोत्याला. मग स्नो-ब्लोअरचं अडीचशे पौंडांचं धूड फळीवरून वर ढकललं. ढकलणारा मी.

"फाळक्याजवळ नको, डॅन. एक्सेलवर."

अॅव्हेन्यूवर ताजा बर्फ होता. स्टॉप साइनला थांबलो, दुसऱ्या गिअरवर सुटलो, आणि रेडा त्या चढावर असा गेला, जसा काही त्याचा जन्मच इथला. एकदाही घसरला नाही.

"बघ," शेजारच्या सीटवरून आजोबा म्हणाले, "मागं वजन पाहिजे."

पोती अजून गॅरेजच्या दारात पडलीत. आज सकाळी बघितलं, तर वरच्या पोत्यावर पिवळा डाग होता.