भाजणी गव्हावर दळली

दिवाळी अंकातली दिवाळी पावसाळ्यात लिहावी लागते, हे मला 43व्या वर्षी कळलं. जूनमध्ये संपादकांचा फोन आला, ताई, बाराशे शब्द, खुसखुशीत, 31 जुलैपर्यंत. पहिलाच लेख, मी कसली नाही म्हणतेय! मग भर आषाढात डोंबिवलीच्या घरात, पंख्याखालच्या दोरीवर दोन दिवस न वाळलेले टॉवेल डोक्याला लागतायत आणि मी लिहितेय अभ्यंगस्नान, उटणं, पहाटेची गुलाबी थंडी. (डोंबिवलीत दिवाळीत कसली आलीये थंडी, पण त्याशिवाय लेखाला लेख म्हणत नसावेत.) 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा पडली म्हणतात, म्हणजे तेव्हाही कुणीतरी बिचारं छत्री निथळत ठेवून पणत्यांवर लिहीत बसलं असणार.

टेबल मुलीच्या बारावीने अडवलेलं, म्हणून मी ओट्याशी उभं राहून फोनला लेख सांगायचे आणि तो टाइप करायचा. त्याला भाजणी हा शब्दच माहीत नाही. तो दरवेळी भजनी लिहायचा. त्यामुळे पहिल्या खर्ड्यात सासूबाईंनी भजनी मंडळ भाजून, दळून, सोऱ्यात घातलं होतं.

आता मुख्य भानगड. लेखात मी आमच्याकडची एका वर्षीची चकली घातली होती, म्हणजे आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) मोहन जरा सढळ घातलं आणि चकल्या कढईत पडल्या पडल्या विरघळल्या, तळाला नुसता रवाळ गाळ. लोक हसतील म्हणून घातलं हो, बाकी काही नाही. पण नानांनी तपासायला घेतलं आणि मोठ्याने वाचलं! नाना निवृत्त शिक्षक, शाळा शिकले ती 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी, त्यामुळे त्यांनी लाल पेनाने माझ्या 'नाव'वर, 'पाच'वर, 'काही'वर अनुस्वार दिले, आणि मग त्या चकलीपाशी आले.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय लिहिलंय तिने? मोहन?"

"आई, गंमत आहे ती."

"गंमत कर ना, पण खरं लिही. माझं मोहन वाटीला दोन चमचे, पंचेचाळीस वर्षं. त्या गिरणीवाल्याने भाजणी गव्हावर दळली होती. तांदळावर दळ सांगितलं होतं मी त्याला!"

गव्हावर दळली तर चकली बिघडेल एक वेळ, पण विरघळते का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. रात्री नवरा म्हणाला, "लिहून टाक गं, गिरणीवाला कुठे वाचणारे." वर त्याचं स्वतःचं दुःख निराळंच, बाराशे शब्दांत तो एकदाही आला नव्हता. मी त्याला आकाशकंदिलाच्या वायरी जोडायला ठेवला, दोन ओळी, फ्यूज त्यानेच उडवला असं लिहिलं, तरी खूश! मुलगी म्हणाली, "आई, यात प्लॉट काय आहे?" तिला मी जेवायला बोलावलं.

संपादकांनी अनुस्वार काढले, लेख छापला. मानधन म्हणून अंकाची एक प्रत आली. आईंनी पदरच्या पैशाने सहा आणल्या, बिल्डिंगमध्ये वाटल्या, पान 87 दुमडून. सातवी कुणी नेली माहीत नाही, कारण वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी भाजणीचा डबा घेऊन गिरणीत गेले तर काउंटरवर, पिठाने पांढरा झालेला, तोच अंक उघडा.

माझ्यामागून आलेले चार डबे दळून झाले. गहू, गहू, ज्वारी, गहू. मी आपली भिंतीवरचं कॅलेंडर वाचतेय.

शेवटी त्याने डबा उचलला, झाकण काढून वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, भाजणी आधीच जास्त भाजलीये. हे पण लिहा."

घरी आल्यावर आईंनी विचारलं, कशावर दळली गं? मी म्हटलं, तांदळावर.