वरातीत नाचणारे, चहा आणि तुमचा धाकटा भाऊ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मागच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. दारूला मी 'अवसादक' म्हटलं, पण वरातीत बँजोपुढे नाचणारी पोरं तुम्हाला खचलेली दिसत नाहीत. चहाला कोकेनच्या पंक्तीत बसवून मी घरोघरच्या आयाबायांना नशाबाज ठरवलं. आणि 'रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात सोडू नये' हे वाक्य लिहून पिणाऱ्याच्या हाती आयतं निमित्त दिलं.

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात घाई आहे. तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाची बाटली परवापासून बंद केली, त्याला खोलीत ठेवलंय, फक्त हात थरथरतात आणि झोप नाही. हे 'फक्त' नव्हे. आजच त्याला दवाखान्यात न्या, आणि रोज किती प्यायचा ते डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा.

माझ्या मामांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या रात्री ते चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचू लागले, नर्सला आजीच्या नावानं हाका मारू लागले. कुणी म्हणालं भूल उतरली नाही, मावशीनं तर दृष्टही काढली. रोजच्या दोन क्वार्टर बंद झाल्यात, हे डॉक्टरांच्या कानावर कुणी घातलंच नव्हतं. 'पाहुण्यांसमोर कशाला' म्हणून.

होतं असं. दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाला अडवते. वर्षानुवर्षं हा दाब पडला की मेंदूही उलटा जोर लावायला शिकतो: गाबाला कमी दाद देतो, ग्लुटामेटसाठी जास्त दारं उघडतो. रस्सीखेचीत समोरच्यानं दोर एकदम सोडला की आपण मागे कोसळतो ना, तसं दारू अचानक थांबल्यावर मेंदूचं होतं. फिट येते ती बहुधा पहिल्या 48 तासांत. मामांसारखा भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होतो, आणि त्यात उपचाराविना माणूस दगावू शकतो. डॉक्टर डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देतात. ही औषधंही गाबामार्फतच काम करतात, आणि डोस उतरवत नेला की मेंदूला सावरायला वेळ मिळतो. सोबत जीवनसत्त्व ब-1 देतात. म्हणजे सोडायची नक्की, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय. पण आज तिथवर जायची वाट बघू नका, जवळचं रुग्णालय गाठा.

आता वरात. इथे अर्धी चूक माझी. 'अवसाद' म्हटलं की वाचकाला खिन्नताच आठवणार. औषधशास्त्रात हा शब्द चेतापेशींचं काम मंदावण्याबद्दल आहे, म्हणून यापुढे 'मंदक' लिहीन. मग नाच येतो कुठून? आधी सुस्तावतो तो कपाळामागचा भाग, 'लोक काय म्हणतील' याची आठवण करून देणारा. ओसरीवरच्या आजोबांना डुलकी लागली की माजघरात पोरांचा धुडगूस सुरू होतो, पोरांना त्यासाठी कुणी काही पाजलेलं नसतं. नशा चढताना डोपामिन हे मेंदूतलं सुखावणारं रसायनही थोडं सुटतं, त्यामुळे सुरुवातीची तरतरी खोटी नाही. हे लेखात यायला हवं होतं. पण तीच वरात रात्री एक वाजता बघा. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूची पाळी आलेली असते, पाय वाकडे पडतात. त्याहून जास्त झाली तर श्वास चालवणाऱ्या भागाची पाळी. दारूवर झोपेची गोळी घेणं जिवावर बेततं ते यामुळेच.

चहाबद्दल तुम्ही उगाच चिडलात. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, ते आपल्या जागेवर बसलं की पेंग येते. चहातलं कॅफिन त्या जागा एसटीत रुमाल टाकून धरावी तशा धरून ठेवतं. अ‍ॅडेनोसिन उभंच राहतं, गाडीतून उतरत नाही. म्हणून कॅफिन ओसरल्यावर डोळे जास्तच जड होतात. कोकेन वेगळंच करतं: सुटलेलं डोपामिन परत उचलून नेणारी यंत्रणाच बंद पाडतं. दोन्ही उत्तेजकच. पण मांजर वाघाची मावशी असली तरी तिला कुणी पिंजऱ्यात ठेवत नाही.

आणि हो, प्यायलेल्याला काळी कॉफी पाजून 'उतरवायचा' उपाय तुम्ही सुचवलात. रक्तातली दारू त्यानं उतरत नाही. पेंग तेवढी जाते, आणि आपण ठीक आहोत असं वाटून गडी गाडीची किल्ली शोधू लागतो. दारूत कॅफिन घालून विकणाऱ्या चार कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं 2010 मध्ये ताकीद दिली होती.

भावाचं काय झालं ते कळवा. चहावरून आपण नंतर निवांत भांडू.